हावरी आणि करवंदीची जाळी

हं, पाय आत घ्या पांघरुणात. विनू, तुझं कोपर पमीच्या डोळ्यात जातंय. आणि पमे, तू राजा राजा करू नकोस. प्रत्येक गोष्टीत राजा हवाच का गं तुला? बरं, घे एक राजा. तो आपल्या महालात सुपारी कातरत बसलाय. त्याला तिथंच बसू दे. आजच्या गोष्टीत नुसती पळापळ आहे, त्याला धोतर सावरत धावायला जमायचं नाही.

तर झालं काय, एका डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. चार घरं इथं, दोन तिथं, एक पार वर झऱ्यापाशी. त्या वाडीत हौशी नावाची एक पोर राहायची. नाव हौशी आणि होतीही तशीच. कुणाचं लग्न निघू दे, कुणाची म्हैस विऊ दे, हौशी सगळ्यांच्या आधी हजर. तिला एक भाऊ होता, तान्हा, लोण्याच्या गोळ्यासारखा. त्याला नुकताच पहिला दात आला होता, तांदळाच्या कणीएवढा. मग घरच्यांनी त्याचं उष्टावण करायचं ठरवलं.

उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास, बरं का. तोवर नुसतं आईचं दूध. मग एक दिवस बाळाचा मामा येतो, त्याला मांडीवर घेतो आणि खिरीचं बोट त्याच्या जिभेला लावतो. विनू, तुझ्या उष्टावणाला तू मामाचं बोट असं चावलंस की मामा ताटावरून उठला. हसतोस काय, खरंच सांगते.

दिवस वैशाखाचे होते. घरोघरी धान्याच्या कणग्या तळाला गेलेल्या. पण तान्ह्याचं उष्टावण म्हणजे साऱ्या वाडीचं कौतुक. मग कुणी तांदूळ आणले, कुणी गूळ आणला, कुणी नारळ आणले. हौशीच्या बापानं अंगणात मांडव घातला. मामा सकाळीच येऊन पोचला, नवं कोरं पागोटं बांधून, हातात बाळासाठी वाटी घेऊन.

आता त्या वाडीची एक रीत होती, ती नीट ऐका. जेवणाचं आवतण द्यायचं ते दारोदार जाऊन, नाव घेऊन. उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या आणि म्हणायचं, अमक्या काका, तमक्या काकू, आमच्याकडे जेवायला या. एक घर वगळायचं नाही, आणि वाऱ्यावर मोघम हाक मारायची नाही. का मारायची नाही? कारण डोंगराच्या पलीकडे एक राक्षशीण राहायची. तिचं नाव हावरी.

ही हावरी म्हणजे काय सांगू तुम्हाला. जन्मापासून भुकेली. खायची, खायची आणि तरी तिचं पोट पाठीला चिकटलेलंच. जाडजूड नव्हती हं ती. ताडासारखी उंच, काटकुळी, आणि तोंड मात्र रांजणाएवढं. तिला वाडीची वेस ओलांडता येत नव्हती, कारण तिला कधी कुणी बोलावलंच नव्हतं. बोलावल्याशिवाय यायचं नाही, एवढं बंधन तिच्यावर होतं. म्हणून ती पलीकडे कान लावून बसायची. आज ना उद्या कुणीतरी चुकेल, म्हणायची.

आणि कोण चुकलं? आपली हौशी.

आईनं तिच्या ओंजळीत अक्षता दिल्या आणि बजावलं, दारोदार जा, घाई करू नकोस. हौशी निघाली उड्या मारत. पहिलं घर झालं. दुसरं घर झालं. तिसरं घर झालं. मग चढ लागला. ऊन मी म्हणत होतं, पायाखालचे दगड तव्यासारखे तापलेले. आणि घरी मांडवात तर मज्जा चालली होती, खिरीचा वास इथवर येत होता. हौशीला कुठला दम निघायला? ती चढली एका उंच खडकावर, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, “आमच्याकडे बाळाचं उष्टावण आहे हो. सगळ्यांनी जेवायला या. कुणी मागं राहू नका.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. उरलेल्या अक्षता वाऱ्यावर भिरकावल्या आणि पळाली घराकडे.

डोंगरापलीकडे हावरीनं ते ऐकलं. सगळ्यांनी या म्हणजे मीही आलेच की. उठली, पदर खोचला आणि निघाली.

इकडे पंगत बसली होती. मामानं बाळाला मांडीवर घेतलं, वाटीत खीर वाढून घेतली, बोट बुडवलं. बोट बाळाच्या तोंडाशी नेतोय तोच मांडवावर सावली पडली. सगळ्यांनी वर पाहिलं. मांडवाच्या वरून एक भलंमोठं तोंड खाली वाकून बघत होतं. बायका पोरांना पोटाशी धरून मागं सरल्या. मामाची तर पाचावर धारण बसली. बोट तसंच हवेत.

हावरी म्हणाली की आवतण आलं म्हणून आले, माझं पान वाढा. आणि पंगतीत मांडी घालून बसली. मांडवाचा खांब मोडला तो वेगळाच.

आता करायचं काय? आवतण गेलेलं. बोलावलेल्या पाहुण्याला दारातून घालवायचं म्हणजे वाडीची लाज. वाढू लागले. भाताचं आख्खं पातेलं समोर ठेवलं, तिनं एका घासात संपवलं. खिरीची कढई उचलली आणि सरबतासारखी पिऊन टाकली. मामाच्या वाटीतली खीरसुद्धा चाटून नेली. भाकऱ्यांची चवड गेली. आमटी गेली. मग पत्रावळी खाल्ल्या, मांडवाचं आंब्याच्या पानांचं तोरण खाल्लं, आणि शेवटी हात लांब करून मामाचं नवं पागोटं उचललं आणि कोशिंबिरीसारखं तोंडात टाकलं. हो, हो, पागोटं. मामा बोडक्या डोक्यानं बसून राहिला.

आणि एवढं सगळं खाऊन तिचं पोट? होतं तिथंच. पाठीला चिकटलेलं.

मग हावरी हात चाटत म्हणाली, “पोट नाही भरलं. बोलावलंत आणि उपाशी ठेवलंत. दिवेलागणीपर्यंत मला ढेकर आला नाही, तर ज्याच्या नावाचं हे जेवण आहे तोच माझा शेवटचा घास.”

आणि तिनं बोट दाखवलं तान्ह्याकडे.

आईनं बाळाला असं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. सगळे एकमेकांना विचारू लागले, हिला बोलावलं कुणी? मग हौशी पुढं आली आणि म्हणाली की मी बोलावलं, मी खडकावरून हाक मारली. आई, मारायचं तर मग मार, आधी हिला काय खायला घालायचं ते सांग.

शहाणी पोर हो. चूक झाली तर रडत बसली नाही.

बाप घरोघरी धावला. कणग्या खरवडल्या, मडकी पालथी केली. आलं ते सगळं हावरीपुढे ठेवलं. ती डोळ्याची पापणी न हलवता गिळत होती. काय खातेय, कसं लागतंय, तिला त्याचं काही नव्हतं. रांजणात दगड टाकावेत तसं चाललं होतं. सूर्य माथ्यावरून कलला.

हौशी गेली परसात. परसाच्या कुंपणाला करवंदीची जाळी होती. करवंदीची जाळी पाहिलीयत ना तुम्ही? जाडसर चकचकीत पानं, आणि काटे असे की एक सोडवावा तर दुसरा धरतो. सावलीकडची करवंदं अजून हिरवी होती, आंबटढाण. तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, तो हाताला असा चिकटतो की काही विचारू नका. हौशीनं ओटीभर हिरवी करवंदं तोडली. मिठाच्या पाण्यात चोळून चोळून धुतली, चीक काढला. मग पाट्यावर घेतली, हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि गुळाचा एक खडा घालून खसाखसा वाटली. आता दुसरं होतंच काय घरात?

चटणीचा गोळा नेऊन तिनं हावरीच्या हातावर ठेवला. हावरीनं तो सवयीनं तोंडात टाकला. आणि काय झालं माहीत आहे? तिचा एक डोळा मिटला.

एवढंच. एक डोळा मिटला, खांदा वर उडाला, आणि ती क्षणभर थांबली. आल्यापासून पहिल्यांदा थांबली. मग पुन्हा हात पुढं, आणखी आण म्हणून.

बाकी कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे रडण्यात दंग. हौशीनं मात्र ते पाहिलं. ती मनाशी म्हणाली, अरे, खीर प्यायली तेव्हा ही थांबली नव्हती. पागोटं खाल्लं तेव्हाही थांबली नव्हती. आंबटानं थांबली.

मग ती धावली घरात. माळ्यावर आईची लोणच्याची बरणी होती. मागल्या साली घातलेलं करवंदाचं लोणचं, मोहरीचं, मुरलेलं. आई ते पावसाळ्यासाठी जपून ठेवायची, कुणाला बोट लावू द्यायची नाही. पावसात भाजीपाला नसला की भाकरीशी हीच एक फोड. हौशीनं बरणी उचलली ती थेट हावरीपुढे. आईनंही हूं की चूं केलं नाही. तान्ह्यापुढे लोणचं कसलं?

हावरीनं बरणी तोंडाला लावली. पण लोणचं ते, भसकन थोडंच पडतंय? एकेक फोड ओघळत खाली येत होती. आंबट, तिखट, खारट, आणि मागून एक नाकात जाणारी मोहरी. हावरीचे दोन्ही डोळे मिटले. कान हलले. तिनं बरणी खाली ठेवली, आणि पमे, ऐक, तिनं आपलं बोट चोखलं. सावकाश चोखलं. मग बोटाकडे बघत बसली.

हौशीला आनंदानं नाचावंसं वाटलं. तिला कळलं की ही बया आजवर कधी जेवलीच नाही. नुसती गिळत आली. जिभेला काही लागलंच नाही तर पोटाला कळणार कसं?

पण बरणी संपली. आणि ऊन पिवळं पडू लागलं. हावरीनं बोट पुसलं, ढेकर काही आला नाही, आणि तिची नजर पुन्हा बाळावर गेली.

मग हौशी तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एवढीशी पोर, तिच्या गुडघ्याएवढी. म्हणाली की मावशी, आमच्याकडे तिसरा पदार्थ आहे, पण तो इथं वाढत नाहीत. तो जिथं पिकतो तिथंच पंगत बसते. येतेस का वर?

मावशी म्हणाली बघा तिला. हावरीला आजवर कुणी मावशी म्हटलं नव्हतं. ती उठली. पण पक्की होती ती. म्हणाली की बाळ माझ्या नजरेसमोर ठेवा, मागं ठेवाल तर येणार नाही. मग काय, पुढं हौशी, मागं हावरी, तिच्यामागं बाळाला घेऊन आई, बाप, बोडका मामा, आणि मागं सारी वाडी. निघाली वरात डोंगरावर.

वर उन्हाच्या अंगाला करवंदीच्या जाळ्याच जाळ्या होत्या. आणि सगळ्या पिकलेल्या, बरं का. काळीभोर करवंदं, नुसती लगडलेली. इतका गोड वास सुटला होता की मधमाश्या वाट चुकत होत्या. वाडीतल्या पोरांना तर राहवेना, पण आज कुणी हात लावला नाही. आज पाहुणीचं पान होतं.

हावरीनं जाळी पाहिली आणि धावलीच. दोन्ही हातांनी जाळीला मिठी मारली, उपटून आख्खी तोंडात घालावी म्हणून. आणि मग काय विचारता. हाताला काटे, कोपराला काटे, केसांत काटे. एक हात सोडवावा तर दुसरा अडकला. डोकं मागं घ्यावं तर केस ओढले गेले. दुसऱ्यांदा तोंडच घातलं जाळीत, तर गालाला काटे. तिसऱ्यांदा लाथ मारायला गेली, तर लुगडंच धरलं जाळीनं. आख्खी पंगत खाल्ली होती तिनं, पण करवंदीपुढे तिचं काही चालेना. बसली खाली फतकल मारून, आणि काटकुळ्या हातांवरचं रक्त पाहत राहिली.

तिला तसं बसलेलं पाहून हौशीला तिची दया आली. हो, आली. तान्ह्याला खायला निघालेली, तरी आली. एवढं मोठं अंग आणि जन्मभर उपाशी.

हौशी जाळीपाशी गेली. दोन बोटं काट्यांच्या मधून हळूच आत घातली आणि एकच करवंद तोडलं. चीक पुसला. मग मुठीत धरून विचारलं, “मावशी, कोंबडा की कोंबडी?”

हावरीला काही कळेना. मग हौशीनं तिला खेळ समजावला. तुम्हाला येतो ना? पिकलेलं करवंद वरून काळंच, पण आतून कोणतं लालभडक निघतं, कोणतं पांढुरकं. लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. आधी ओळखायचं, मग फोडायचं. बरोबर ओळखलं तर तुझं, चुकलं तर माझं. आणि हौशीनं एक अट घातली की तोडायचं एकेकच, दोन बोटांनी.

हावरी म्हणाली कोंबडा. फोडलं, तर कोंबडी. हौशीनं ते टाकलं आपल्या तोंडात आणि मिटक्या मारत खाल्लं.

हावरी बघतच राहिली. तिच्या समोर कुणीतरी खातंय आणि ती नुसती पाहतेय, असं कधी झालंच नव्हतं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं विचारलं की गोड होतं का गं? हौशी म्हणाली, तू ओळख, मग कळेल.

मग हावरी उठली. आपली ती लांबलचक बोटं तिनं अशी जपून जाळीत घातली, जशी बाई तान्ह्याच्या डोळ्यात काजळ घालते. एक करवंद तोडलं. हलवून पाहिलं, वास घेतला, उन्हात धरलं. म्हणाली कोंबडी. फोडलं, तर कोंबडा. तेही हौशीचं. तिसरं तोडलं. आता तर ती श्वाससुद्धा घेईना. म्हणाली कोंबडा. फोडलं. आत लालभडक.

सगळ्या वाडीनं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, भान राहिलं नाही कुणाला. आणि हावरीनं ते करवंद जिभेवर ठेवलं. आधी गोड लागलं, मग आंबट, मग चीक ओठाला चिकटला, मग बी दाताखाली आली. तिनं ती चावली. जन्मात पहिल्यांदा तिनं काहीतरी चावलं.

आणि मग जो खेळ रंगला. कोंबडा की कोंबडी, कोंबडा की कोंबडी. हावरीचे ओठ जांभळे, हौशीची हनुवटी जांभळी. पोरंसुद्धा भीती विसरून जवळ आली, कुणी म्हणे कोंबडा म्हण, कुणी म्हणे कोंबडी म्हण. हावरी चुकली की स्वतःच कपाळाला हात लावायची. एका पोरानं जिंकलेलं करवंद तिला देऊ केलं, तर म्हणाली नको, तू जिंकलंस, तू खा.

पण दिवस कुणासाठी थांबतोय का? सूर्य टेकला डोंगराला. खाली वाडीत, चढ झेपेना म्हणून मागं राहिलेल्या एका म्हातारीनं तुळशीपाशी दिवा लावायला वात वळायला घेतली. दिवा लागला की दिवेलागण झाली. आणि ढेकराचा पत्ता नाही. आईनं तान्ह्याचं तोंड पदरात लपवलं. हौशीनं शेवटचं म्हणून एक करवंद तोडलं आणि विचारलं, कोंबडा की कोंबडी?

हावरी म्हणाली कोंबडा. फोडलं. कोंबडाच निघाला. तिनं खाल्लं, सावकाश. मग उठली. आईच्या समोर येऊन उभी राहिली. खाली वाकली. तोंड उघडलं, एवढं मोठं, बापानं डोळे मिटून घेतले, मामा मधे आडवा झाला, आणि,

ढुरर्र करून असा ढेकर आला, असा ढेकर आला, की झाडांवरचे पक्षी उडाले. समोरच्या डोंगरानं तो ऐकला आणि परत पाठवला. त्याच्या पलीकडच्यानं पुन्हा पाठवला. दरीत एक गाय घाबरून हंबरली. आणि खाली वाडीत दिवा लागला.

हावरी आपल्या पोटावर हात फिरवत उभी होती. जरासंच वर आलं होतं ते, मुठीएवढं. ती इतक्या हळू बोलली की सगळ्यांना पुढं सरकावं लागलं.

“हौशे, हे काय झालं गं मला?”

“पोट भरलं तुझं, मावशी.”

“असं असतं होय,” हावरी म्हणाली. आणि मटकन खाली बसून रडायला लागली. रडली म्हणजे कशी, जाळीखालची माती भिजली.

विनू, झोपलास का? नाही ना? मग ऐक, अजून एक राहिलंय.

बाळानं रडायला सुरुवात केली. दुपारपासून उष्टावण खोळंबलेलं आणि पोराला भूक लागलेली. मुहूर्त तर केव्हाच टळला होता. मामानं वाटी पुढं केली, तर वाटी कोरडी ठणठणीत. वाडीभर शोधून एक शीत मिळालं नसतं. सगळं कुणी खाल्लं होतं? हावरीनं. ती मान खाली घालून बसली. मग तिनं आपली मूठ उघडून पाहिली. खेळाच्या नादात तोडलेलं एक करवंद त्या मुठीत राहिलं होतं. हावरीच्या हातात अन्न राहिलंय आणि तिनं ते खाल्लं नाही, असं कुणी कधी ऐकलं होतं का?

ती आईकडे वळली. विचारलं की देऊ का? आईनं हौशीकडे पाहिलं. मग मामाकडे पाहिलं, कारण मान त्याचा. मामा बोडक्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, द्या, द्या. आणि आईनं बाळाला हावरीच्या मांडीवर ठेवलं. काय छाती असेल त्या माउलीची.

हावरीनं चीक लुगड्याला पुसला. दोन बोटांत ते करवंद दाबलं. लाल रसाचा एक थेंब आला, तो तिनं बाळाच्या ओठावर अलगद टेकवला. बाळानं तोंड असं काही वाकडं केलं, नाक मुरडलं, जीभ बाहेर काढली. आणि मग पुन्हा आ केला.

जिनं त्याला खायचं, तिच्याच हातचा पहिला घास त्यानं खाल्ला. हावरीनं दुसरा थेंब दिला. तिसरा दिला. करवंद संपलं तेव्हा ती बाळाचे ओठ पुसत होती आणि हसत होती, आणि तिला आपल्या भुकेची आठवणही नव्हती.

मग बाळाला सगळे लाडानं धाकटू म्हणू लागले. हावरी गेली डोंगरापलीकडे आपल्या घरी. तिकडेही जाळ्या होत्या म्हणे, इतकी वर्षं तिनं पाहिल्याच नव्हत्या. मामाला नवं पागोटं मिळालं. आईनं पुन्हा लोणचं घातलं. हौशीला मार बसला का? बसला, एक धपाटा, आणि मग आईनं तिला इतकं कुरवाळलं की धपाटा कुठं गेला कळलं नाही. त्या दिवशी साऱ्या वाडीनं रात्री करवंदंच खाल्ली, दुसरं होतंच काय, आणि जांभळ्या तोंडांनी सगळे सुखानं झोपले. ते तिथं सुखात राहिले, आपण इथं सुखात राहू.

तुम्ही तर दोन्ही वेळा भात खाऊन बसलायत. मग आता कशाला जागता? पमे, कूस वळ. विनू, मिट डोळे. मी कंदील बारीक करते.